जुन्या जीपची हवा-गाळणी

इंजिनात इंधन जळण्यासाठी हवा लागते. कच्च्या रस्त्यावरील हवेतून धूळ आत शिरली, तर सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. जुन्या गाडीचे सुटे भाग सहज मिळत नाहीत; म्हणून तिच्या हवा-गाळणीची निवड व निगा महत्त्वाची ठरते.

दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) नावारूपास आलेल्या विलीज जीपला तेलाची गाळणी असे. तिच्यात हवा वाटीतील तेलावरून एकदम वळते. जड धूळकण वळू शकत नाहीत व तेलात अडकतात. उरलेले तेलाने भिजलेल्या जाळीत राहतात. कागदी गाळणी बारीक धूळ अधिक चांगली अडवते. परंतु ती भिजली की निकामी होते आणि वेळोवेळी बदलावी लागते. तेलाची गाळणी मात्र धुऊन पुन्हा वापरता येते.

इंजिन बंद करून वाटी उतरवावी. गढूळ तेल जमिनीवर न ओतता डब्यात काढावे. वाटी व जाळी रॉकेलने धुऊन वाळवावी आणि खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. तेल कमी पडल्यास धूळ निसटते. जास्त झाल्यास ते इंजिनात ओढले जाते. जोडनळीला चीर असेल, तर उत्तम गाळणीही व्यर्थ होय.

गाळणी धुण्यास थोडा वेळ पुरतो. झिजलेले इंजिन दुरुस्त करण्यास मात्र मोठा खर्च येतो.