फुप्फुसाचा कर्करोग आणि घरांतील शिकलेलें मूल

आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत खोकला लांबला कीं प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती अयोग्य नव्हे. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें, तें अवश्य घ्यावें. परंतु क्ष-किरणांच्या चित्रांत छातीवर दिसणारा प्रत्येक डाग क्षयाचाच असतो असें नाहीं. कर्करोगाचा डागही वरवर पाहतां तसाच दिसतो. थुंकींत क्षयाचे जंतू सांपडले नाहींत, औषध घेऊनही खोकला हटत नाहीं, वजन उतरत चाललें आहे, थुंकींत रक्त दिसतें किंवा बसलेला आवाज सुटत नाहीं, असें असतां डॉक्टरांस पुन्हा विचारावें. चालू औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये. फुप्फुसाच्या गाभ्यांत वेदना जाणवत नाहीं, म्हणून हा रोग बहुधा पसरल्यावरच ओळखूं येतो.

विडी-सिगारेट व हा रोग यांचा संबंध डॉल व हिल या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनीं 1950 सालीं स्पष्ट दाखविला. तथापि ज्यांनीं जन्मांत विडी ओढली नाहीं अशांसही तो होतो, व बंद घरांतील चुलीच्या धुराकडेही शास्त्रज्ञ बोट दाखवितात. आजाऱ्यापुढें विड्यांचा हिशेब मांडणें हें आम्हांस निव्वळ निर्दयपणाचें वाटतें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. धडगांव, अक्कलकुवा किंवा नवापूर तालुक्यांतील पुष्कळ घरांत इंग्रजी कागद वाचूं शकणारें एकच माणूस असतें, आणि तें म्हणजे आमच्या शाळेंत शिकणारें मूल. डॉक्टर हिंदी-मराठींत बोलतात, वडील पावरी किंवा मावची बोलतात, आणि मधल्या दुभाष्याचें काम चौदा-पंधरा वर्षांच्या मुलावर येतें. अहवालांतील ‘चौथी पायरी’ हे शब्द घरांत प्रथम तेंच वाचतें. त्यांचा अर्थ इतकाच कीं, रोग मूळ जागेहून दुसरीकडे, म्हणजे दुसऱ्या फुप्फुसांत, हाडांत, यकृतांत, मेंदूंत किंवा फुप्फुसाभोंवतींच्या पाण्यांत, पोहोंचला आहे. अशा वेळीं शस्त्रक्रियेनें तो समूळ काढतां येत नाहीं. पण ‘समूळ काढतां येत नाहीं’ आणि ‘कांहींच करतां येत नाहीं’ हीं दोन निराळीं वाक्यें आहेत, व दुभाष्यानें एकाचें भाषांतर दुसऱ्यांत करूं नये.

उपाय कोणते, हें रोगाच्या जातीवर अवलंबून असतें. म्हणून गांठीचा तुकडा काढून तपासणें आवश्यक. सुई लावल्यानें रोग पसरतो ही समजूत पुष्कळांस उपचारापासून दूर ठेवते. आपल्या देशांत या रोगाच्या एका मुख्य प्रकारांत सुमारे चौथ्या हिश्शाच्या रोग्यांत ‘ईजीएफआर’ नांवाच्या जनुकांत बदल आढळतो, आणि अशांस शिरेंतून देण्याच्या औषधांबरोबर किंवा त्यांच्याऐवजीं गोळ्या देतां येतात. मुंबईंत परळ येथें 1941 सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉक्टरांनीं अशा 350 रोग्यांवर केलेला प्रयोग 2020 सालीं प्रसिद्ध झाला. केवळ गोळी घेणाऱ्यांत रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ 8 महिने होता, तर गोळी व शिरेंतील औषधें मिळून घेणाऱ्यांत 16; पण दुसऱ्या गटास औषधांचा त्रासही अधिक झाला. गणिताच्या तासांत शिकलेला मध्यक येथें आठवावा. अर्ध्यांचा काळ त्याहून कमी, अर्ध्यांचा अधिक, असा त्याचा अर्थ. आपल्या वडिलांची ती तारीख नव्हे.

टाटा रुग्णालयास जाणें म्हणजे बहुधा सुरतेस गाडी बदलून मुंबई गांठणें. राहण्यासाठीं दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा पुष्कळ रोग्यांस उपयोगी पडते. शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर घ्यावें आणि महात्मा जोतिराव फुले योजनेंतून काय मिळेल, तें तेथील आरोग्यमित्रास विचारावें. शेत विकण्यापूर्वीं डॉक्टरांस हे प्रश्न अवश्य विचारावे: या उपचारानें काय साधेल, किती फेऱ्या होतील, त्रास कोणता होईल, आणि उपचार न केल्यास काय होईल? त्यांस राग येईल ही भीति बाळगूं नये. चांगला डॉक्टर या प्रश्नांची वाटच पाहत असतो.

वेदनाशामक उपचार म्हणजे हात टेकणें, असें लोक समजतात. अमेरिकेंत बोस्टन येथें 151 रोग्यांचा अभ्यास 2010 सालीं प्रसिद्ध झाला. पसरलेल्या कर्करोगाचें निदान होतांच नेहमींच्या उपचारांबरोबर ही शुश्रूषाही ज्यांस मिळाली, त्यांचें मन अधिक स्वस्थ राहिलें, आणि ते मध्यकानें 11.6 महिने जगले; इतरांचा मध्यक 8.9 महिन्यांचा होता. हाडाच्या दुखण्यावर किरणांची एखादी बैठकही उतार देते. छातींतील पाणी काढल्यानें श्वास मोकळा होतो. तीव्र वेदनेवर मॉर्फिन आहे, व तें रोग्यांस मिळणें सुलभ व्हावें म्हणून 2014 सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घेतल्यास व्यसनाचें भय फार थोडें. पोट मात्र बांधलें जातें, म्हणून त्यावरील औषध त्याच वेळीं मागून घ्यावें.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न: वडिलांस सांगावें काय? ‘त्यांना कांहीं सांगूं नका’ असें नातलग मायेनेंच म्हणतात. पण घरचे चेहरे पाहून आजारी माणूस सर्व ओळखतो, आणि मग तोही न ओळखल्याचें सोंग करतो. एकाच घरांत दोघेही एकटे पडतात. शेताचा सातबारा, कोणाचें देणें-घेणें, धाकट्या बहिणीचें शिक्षण, यांविषयीं त्यांस बोलावयाचें असेल तर त्यास वेळ हवा. आमचें मत असें कीं, किती जाणून घ्यावें हें त्यांनाच विचारावें. आणि वाईट बातमी सांगण्याचें काम मुलावर टाकूं नये, तें डॉक्टरांनीं किंवा काका-मामांनीं करावें. पालकांनीं मुलांसही अंधारांत ठेवूं नये. ज्याच्याकडून कागद वाचून घेतला, त्याला ‘तूं लहान आहेस’ असें म्हणणें शोभत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं वर्गशिक्षकांस कळवावें, म्हणजे हजेरी व परीक्षा यांची कांहीं सोय पाहतां येईल. घरीं एक वही करावी. औषधाचें नांव, वेळ, त्या दिवशींची वेदना व झोंप तींत लिहावी. आणि आईस अक्षरओळख नसेल तर सकाळच्या गोळीपुढें सूर्य व रात्रीच्या गोळीपुढें चंद्र काढून द्यावा, म्हणजे मूल शाळेंत असतांनाही औषध चुकणार नाहीं.