मंगळयान : अपुऱ्या साधनांत लांबचा पल्ला



भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. बातमी सर्वांनी ऐकली, अभिमानही वाटला. परंतु यान गेले एवढ्यावर थांबून भागत नाही. ते कसे गेले आणि त्यासाठी काय धरावे व काय सोडावे लागले, हे समजून घेण्यासारखे आहे. हाताशी आहे त्यात काम कसं बसवायचं, हा प्रश्न आपल्यालाही काही नवा नाही.

मुहूर्त दर २६ महिन्यांनी

पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, तर मंगळाला ६८७ दिवस लागतात. त्यामुळे दोघांमधील अंतर सारखे कमीजास्त होते. कमी इंधनात जाता येईल अशी जुळणी सुमारे २६ महिन्यांनी एकदाच येते. शिवाय नेम आज मंगळ जिथे दिसतो तिथे धरून चालत नाही. दहा महिन्यांनी तो जिथे पोहोचणार, तिथे धरावा लागतो.

सरकारची मंजुरी ऑगस्ट २०१२ मध्ये मिळाली. मुहूर्त होता नोव्हेंबर २०१३ चा. म्हणजे हातात जेमतेम पंधरा महिने. तो चुकला असता तर थेट २०१६ ची वाट पाहावी लागली असती. उसाला तोड उशिरा मिळाली तर उतारा घटतो, पण ऊस गाळला तरी जातो. इथे तेवढीही सवलत नव्हती.

वाहन कोणते घ्यावे?

मोठे रॉकेट म्हणजे जी.एस.एल.व्ही. परंतु २०१० साली त्याची दोन्ही उड्डाणे फसली होती. ते दुरुस्त होईपर्यंत थांबावे, की पी.एस.एल.व्ही. हे लहान पण भरवशाचे रॉकेट घेऊन निघावे? इस्रोने दुसरा मार्ग पत्करला. याच जातीच्या रॉकेटने २००८ साली चांद्रयान नेले होते.

या रॉकेटशी आपल्या भागाचेही नाते आहे. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनविणाऱ्या वालचंदनगरच्या कारखान्यात पी.एस.एल.व्ही.च्या मोटरची पोलादी आवरणे तयार होतात.

लहान वाहन घेतले की ओझे मोजून मापून भरावे लागते. यानाचे वजन १३३७ किलो होते. त्यापैकी सुमारे ८५० किलो नुसते इंधन. शास्त्रीय उपकरणे पाच, आणि ती सर्व मिळून सुमारे १५ किलोची! बैलगाडीभर वैरण बैलांसाठीच घ्यावी आणि बाजाराला न्यायला एक टोपली उरावी, तशातला हा प्रकार.

झोक्यासारखा रेटा

५ नोव्हेंबर २०१३ रोजी दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोटा येथून उड्डाण झाले. खरे तर ते २८ ऑक्टोबरला व्हायचे होते. परंतु प्रशांत महासागरावरून रॉकेटवर लक्ष ठेवण्यासाठी पाठविलेल्या दोन जहाजांपैकी ‘नालंदा’ खराब हवामानामुळे वेळेत पोहोचले नाही. मुदत १९ नोव्हेंबरपर्यंत होती, म्हणून निभावले.

या रॉकेटमध्ये यान थेट मंगळाकडे फेकण्याची ताकद नव्हती. त्याने यान पृथ्वीभोवतीच्या लंबवर्तुळाकार मार्गावर सोडले. पुढचे काम यानाच्या स्वतःच्या इंजिनाचे. नागपंचमीचा झोका चढवायचा तर तो खाली, भर वेगात असताना रेटा देतात. तसे यान पृथ्वीच्या अगदी जवळ आले की इंजिन चालवायचे, म्हणजे पलीकडचे टोक आणखी लांब जाते.

११ नोव्हेंबरला मात्र अडचण आली. वेग सेकंदाला १३० मीटरने वाढायला हवा होता, तो ३५ मीटरच वाढला. इंजिनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन वेटोळी एकदमच चालवून पाहिल्यामुळे इंधनाचा प्रवाह थांबला होता. शास्त्रज्ञांनी कारण शोधले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा इंजिन चालवून तूट भरून काढली. १ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी सुमारे २२ मिनिटे इंजिन चालले आणि यान पृथ्वीची ओढ सोडून निघाले.

खरी परीक्षा

मंगळाजवळ वेग कमी केला नाही तर यान तसेच पुढे निघून जाणार. आणि हे इंजिन तर जवळजवळ ३०० दिवस बंद पडून होते. कारखान्याचा बॉयलर सहा महिन्यांनी पेटवतानासुद्धा आपले कामगार किती तपासण्या करतात! म्हणून २२ सप्टेंबर २०१४ रोजी इंजिन सुमारे चार सेकंद चालवून पाहिले. ते चालले. नसते चालले तर आठ लहान इंजिनांवर काम भागविण्याची तयारी होती.

२४ तारखेला ते सुमारे २४ मिनिटे चालले. त्या वेळी इथला संदेश तिथे पोहोचायला साडेबारा मिनिटे लागत. म्हणजे ऐन वेळी सांगून काही उपयोग नव्हता. सर्व आज्ञा आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचणारा भारत हा पहिला देश ठरला.

पदरात काय पडले?

इंधन थोडे, म्हणून मंगळाभोवतीची कक्षा फार लांबट ठेवावी लागली. जवळचे टोक सुमारे ४२२ किलोमीटर, तर लांबचे जवळजवळ ७७ हजार. याचा तोटा असा की बराच काळ यान मंगळापासून दूरच असे. फायदा असा की मंगळाचा पूर्ण गोल एकाच छायाचित्रात आला, आणि डायमॉस या त्याच्या चंद्राची पलीकडची बाजूही टिपता आली. मिथेन शोधणाऱ्या उपकरणाकडून मात्र हवे ते उत्तर मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. सहा महिन्यांसाठी नेमलेले यान साडेसात वर्षे टिकले. एप्रिल २०२२ मध्ये दीर्घ ग्रहणानंतर त्याचा संपर्क तुटला.

खर्च आला ४५० कोटी रुपये. एवढ्यात किती बंधारे झाले असते, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे १२१ कोटी लोकसंख्या धरली तर हा खर्च माणशी पावणेचार रुपयांच्या आत बसतो. आमच्या मते मोठी कमाई छायाचित्रांपेक्षा वेगळी आहे. दूरवरच्या यानाला स्वतःच्या बुद्धीने चालायला लावण्याची विद्या या देशाने स्वतःच्या हाताने मिळविली. तशी विद्या उसनी मिळत नाही.

जी.एस.एल.व्ही. जानेवारी २०१४ मध्ये यशस्वी झाले. मंगळयान तेव्हा अर्ध्या वाटेवरही नव्हते, पण वाटेला लागलेले होते. मोठ्या वाहनाची वाट पाहत बसले असते, तर तो हंगाम गेलाच असता. थोडे न्यायचे, पण वेळेवर न्यायचे आणि अडचण आलीच तर दुसरी वाट आधीच पाहून ठेवायची, एवढा हिशेब त्यांनी पक्का ठेवला. आपल्या घरातली शिकणारी मुले-मुली हे वाचतील, त्यांना हा हिशेब जरूर समजावून सांगावा.