वाघ आणि वाघचबका

भाद्रपद महिना आला की पुण्याच्या बुधवार पेठेत, तुळशीबागेच्या परिसरात, पत्री आणि फुलांच्या टोपल्या दिसू लागतात. सह्याद्रीच्या वनश्रीशी शहरवासीयांचा परिचय बहुधा अशा टोपलीपुरताच असतो. याच दिवसांत रानावनांत आणि कुंपणांवर कळलावी फुलते. कोकणात गौरीपूजनात या फुलांना मानाचे स्थान आहे. 'वाघचबका' हे या वेलीचे दुसरे नाव. वाघ आणि वाघचबका यांची तुलना उद्बोधक ठरेल.

वाघाला एकूण अठरा नखे असतात. चालताना ती आत ओढली जातात, म्हणून बोथट होत नाहीत. कळलावीच्या पानाचे टोकही नखासारखे वळलेले असते; परंतु ते आधाराला विळखा घालून वर चढण्यासाठी होय. वाघाचे पट्टे त्याला गवतात लपवितात. उलट कळलावीच्या पिवळ्या-तांबड्या पाकळ्या तिला दुरूनही उठून दिसू देतात. म्हणूनच 'अग्निशिखा' हे तिचे संस्कृत नाव सार्थ वाटते. वाघाचे रक्षण त्याचे बळ करते, तर कळलावीचे रक्षण तिच्यातील कोल्चिसिन हे विष करते. तिचा कंद खाल्ल्यास मृत्यूही ओढवू शकतो.

असे असूनही मनुष्यापुढे दोघांचेही संरक्षण अपुरे पडले. पूर्वी बालकाच्या गळ्यात सोन्याचांदीत मढविलेले वाघनख घालीत. कळलावीचा नांगराच्या आकाराचा कंद औषधासाठी खणून काढला जातो. नख हवे तर वाघ मरतो आणि कंद हवा तर वेल संपते.

वाघाच्या बाबतीत समाज वेळीच जागा झाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २००६ मध्ये १०३ होती, ती २०२२ मध्ये ४४४ झाली. १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींनाही या कायद्याचे संरक्षण मिळाले. मात्र त्या वेळच्या सहा नोंदींच्या यादीत कळलावी नव्हती.

तथापि वेलीच्या बाबतीत एक सोय आहे, जी वाघाच्या बाबतीत नाही. वाघाला जिवंत ठेवून त्याचे नख घेता येत नाही. कळलावीचे फूल खुडले तरी कंद जमिनीत सुरक्षित असल्यास पुढील पावसाळ्यात वेल पुन्हा उगवते. कोल्चिसिन बियांतूनही मिळते. तामिळनाडूत, जिथे हे राज्यपुष्प आहे, शेतकरी बियांसाठी तिची रीतसर लागवड करतात. आपल्याकडेही औषधाची गरज शेतातून भागली, तर रानातील कंदांना अभय मिळेल.

वाघाच्या रक्षणासाठी शासनाला अरण्ये राखावी लागतात. वाघचबक्याच्या रक्षणाला सामान्य नागरिकही हातभार लावू शकतो: पूजेसाठी फूल घ्यावे, कंद मात्र मातीतच राहू द्यावा.