परसातील धुरीघर : बांधकाम-साहित्याची निवड

पावसाळ्यात तळी व ओढे भरले की रोहू, मरळ, मांगूर अशी मासळी हाती येते. परंतु दमट हवेमुळे ती उन्हात नीट वाळत नाही. अशा वेळी मीठ लावून धुरी दिलेली मासळी अधिक काळ टिकते. आदिलाबाद जिल्ह्यातील इचोडा व भोवतालच्या गावांत असे धुरीघर परसात बांधावयाचे झाल्यास साहित्याची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे. या घरातील धूर अन्नाला लागतो. म्हणून घरात पडून असलेली प्रत्येक वस्तू येथे चालत नाही.

पाया : या भागातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभारलेली भिंत तडकते आणि धूर बाहेर निसटतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदून काळ्या दगडाचा पाया भरावा. जागा राहते घर, कडब्याची गंजी व कापसाची खोली यांपासून दूर असावी.

भट्टी : भट्टी धुरीघराबाहेर, थोड्या खालच्या पातळीवर ठेवून धूर फरशीने झाकलेल्या चरातून आत न्यावा. भट्टीसाठी चांगल्या भाजलेल्या विटा वापराव्यात व त्या मातीच्या गाऱ्यात रचाव्यात. सिमेंटचा गिलावा आगीजवळ तडकतो. ओढ्यातील ओले गोटे तापल्यावर फुटून उडतात, तर चुनखडीचा दगड प्रखर आचेने भाजून ठिसूळ होतो. हे दोन्ही टाळावेत.

भिंती व छप्पर : भिंती विटांच्या, किंवा भुसा मिसळून मळलेल्या पांढऱ्या मातीच्या असाव्यात. छपरास कौले उत्तम; त्यांच्या फटींतून ओलसर वाफ निघून जाते. सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉस पत्रे मात्र कदापि वापरू नयेत. ते आचेने फुटतात व त्यांचे तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा भट्टीवर ठेवू नये. जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळते व अधिक आचेत त्याची बाधक वाफ होते.

दार व मांडण्या : दारासाठी रंग, डांबर वा वाळवीचे औषध न लावलेले लाकूड घ्यावे. मासळी ठेवण्यास बांबूच्या कामट्यांच्या जाळ्या स्वस्त पडतात व खराब झाल्यावर बदलता येतात. जस्ताची जाळी मिठाने गंजते आणि जस्त मासळीत उतरते.

जळण : बाभळीसारखे वाळलेले कठीण लाकूड योग्य होय. पऱ्हाटी मुबलक मिळत असली तरी तिच्यावर कीटकनाशकांची फवारणी झालेली असते. बिब्ब्याच्या लाकडाचा धूर अंगावर उततो. ही दोन्ही वर्ज्य समजावीत. ज्वाला भडकल्यास दाट काजळी व तिच्यासोबत बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये मासळीवर बसतात. म्हणून आच मंद ठेवावी.

बांधकाम पुरते वाळल्यावर दोन-तीन दिवस रिकाम्या धुरीघरात मंद जाळ करावा. धूर जेथून निसटेल तेथे माती लिंपावी आणि मगच पहिली मासळी आत ठेवावी. दगड, माती, विटा, कौले व बांबू एवढ्या साध्या साहित्यात हे घर पुरे होते. फुकट मिळालेला जुना पत्रा वाचवील तो खर्च थोडा. त्याची किंमत मात्र ती मासळी खाणाऱ्या मुलाबाळांना मोजावी लागते.