तुरळ बघायला, राजापूर न्हायला

कोल्हापुरातून पहाटे निघालं की तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचं उन्हाळे हे तिन्ही गरम पाण्याचे झरे एका दिवसात होतात. जाताना आंबा घाट, येताना अणुस्कुरा. थंडीच्या दिवसांत आपल्याकडं ही सहल बरेच जण करतात आणि गाडीत एखादं गुडघेदुखीचं माणूस हटकून असतं, कारण या पाण्यानं सांधे मोकळे होतात अशी जुनी समजूत. आमच्या गाडीत दाजी होते. गुडघे दुखायचे, शिवाय बऱ्याच वर्षांची साखर.

आंबा उतरून साखरपा, देवरूख, संगमेश्वर असं करत आम्ही मुंबई-गोवा महामार्गाला लागलो आणि चिपळूणच्या बाजूला वळून तुरळला पोचलो. सकाळचा गारठा अजून होता, पाण्यावर वाफ होती. दाजी कडेच्या दगडावर बसले आणि वाहत्या पाण्यात पाय सोडले. शेजारी पोरानं बोट बुडवून झटक्यात बाहेर काढलं. दाजी म्हणाले, "कोमटच हाय की रं." सगळ्यांना वाटलं, मोठ्या माणसाला तेवढी सवय असते. बहीण दोनदा म्हणाली, "उठा आता." पण त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणणाऱ्या माणसाला उठवणार कोण?

दुपारी राजापुरात जेवायला थांबलो. चपला काढताना बहिणीचं लक्ष गेलं. दोन्ही तळवे लाल झालेले, बोटांखाली मोठाले फोड. तिनं विचारलं, "दुखतंय?" दाजी म्हणाले, "न्हाई." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. एवढं भाजलेलं दुखत का नाही?

त्याचं उत्तर त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी दिलं. साखर बरीच वर्षं राहिली की पायांच्या नसा बधिर होत जातात. चटका बसतो, कातडी भाजते, पण निरोप मेंदूपर्यंत जात नाही. त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असला तर जखम भरायला फार वेळ लागतो आणि ती चिघळायला निमित्त पुरतं. दाजींचे पाय वाचले, पण ड्रेसिंग चाललं कित्येक आठवडे. म्हणून ज्यांच्या घरात साखरेचं माणूस आहे, त्यांनी हे मनावर घ्यावं: पाणी किती गरम आहे, हे त्या माणसाच्या पायाला विचारू नये. दुसऱ्या कुणीतरी, ज्याची साखर नॉर्मल आहे अशानं, कोपर बुडवून बघावं. आणि खरं सांगायचं तर अशा माणसानं झऱ्यात पाय घालूच नयेत. कडेला बसून वाफ बघावी, देवळात जावं.

कोकणातले हे झरे पालघरपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशा एका पट्ट्यात आहेत. खाली धगधगता ज्वालामुखी असेल असं काहींना वाटतं, तसं नाही. इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी ऊब वाढत जाते आणि तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेनं वर येतं. किती खोलवरून आलं आणि वर येताना किती निवलं, यावर प्रत्येक झऱ्याची उष्णता ठरते. तुरळला मुखाशी पाणी ६० अंशांच्या आसपास असतं, दापोलीकडच्या उन्हवऱ्याला ७०च्या घरात, राजापूरच्या उन्हाळ्याला ४०-४२. हे आकडे वाचायला जवळजवळचे वाटतात, अंगाला नाहीत. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, लहान मुलाची त्याहून लवकर. अंघोळीच्या गरम पाण्याची सुरक्षित हद्द ४० अंशांच्या आसपास मानतात.

म्हणून माझं सांगणं असं, की तुरळ आणि राजवाडी बघायला जा आणि न्हायचं ते उन्हाळ्याला, अर्जुना नदीच्या काठी. तिथंही दहा मिनिटं पुष्कळ झाली. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात झऱ्यांभोवती लाकडी पायवाटा बांधल्यात आणि त्यावरून खाली उतरायला सक्त मनाई आहे. तरी २०१६ मध्ये एक तरुण पायवाट सोडून गेला आणि उकळत्या पाण्यात पडून मेला. आपल्याकडं पाणी तेवढं उकळतं नाही, पण कडेचे दगड शेवाळानं निसरडे असतात आणि मधे अडवणारंही कुणी नसतं. पोराचा हात आईबापानंच धरायचा.

नाकात पाणी जाऊ देऊ नका, डुबकी तर नकोच. कोमट, साचलेल्या पाण्यात एक अमीबा वाढतो. तो नाकावाटे मेंदूत शिरला तर माणूस क्वचितच वाचतो. केरळात अलीकडं असे रुग्ण सापडले आहेत. आजार विरळा आहे, पण टाळायला काहीच खर्च येत नाही. गरोदर बाई, हृदयाचा रुग्ण, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम पाण्यात बसू नये.

भाजलंच तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. जोडवी-पैंजण लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाहीत. फोड फोडू नका, स्वच्छ कापड सैल गुंडाळा. साखरेचा माणूस असेल तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना.

आता गाडी चालवणाऱ्याबद्दल, कारण त्याचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, उठल्यावर भोवंड येते आणि नंतर झापड. त्या अंगानं अणुस्कुऱ्याची वळणं चढायची म्हणजे सगळ्या गाडीचा जीव टांगणीला. चालवणाऱ्यानं पाय धुऊन परत यावं, न्हाण्याची हौस असेल तर त्या दिवशी चाकावर दुसऱ्यानं बसावं. राजापुरातून चारच्या आत निघा. ओणी, पाचल करत घाटाच्या पायथ्याशी उजेडात पोचलं पाहिजे, कारण वर धुकं उतरतं आणि अंधार पडला की गवे रस्त्यावर येतात. पावसाळ्यात तर निघण्याआधी घाट चालू आहे का, हे कुणालातरी फोन करून विचारा. तिथं दरडी कोसळतात.