फलक लावण्याआधी घरात जाऊन कागद बघा



सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. आपल्याही गावात माजी सैनिक आहेत. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्या दिवशी गल्लीगल्लीत त्यांच्या नावाचे फलक लावता येतील. गटाने तयारी अशी करावी:

१. वाड्या-वस्त्या वाटून घ्या. दोघी-दोघी मिळून घरी जा.

२. नाव, हुद्दा, रेजिमेंट डिस्चार्ज बुकात बघूनच लिहा, ऐकीव नको. फोटोसाठी घरच्यांना विचारा. जे वारले, त्यांनाही यादीत घ्या.

३. त्याच भेटीत पेन्शनचे कागद बघायला सांगा. त्यात पत्नीचं नाव आहे का? आधार आणि बँक पासबुकावर तेच आहे का? एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं असलं, की नवऱ्याच्या माघारी कुटुंब पेन्शनसाठी त्या ताईला हेलपाटे घालावे लागतात. फरक दिसला तर दोघं असतानाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन दुरुस्तीचं विचारा.

४. फलक लावायला ग्रामपंचायतीची परवानगी घ्या.

तो सीमेवर होता तेव्हा शेत, गुरं, म्हातारी माणसं तिनेच सांभाळली. म्हणून फलकाचं उद्घाटन तिच्याच हातून करा.

पुढच्या बैठकीला आपापल्या वस्तीची यादी घेऊन या. कोणाच्या कागदात फरक निघाला, तेही सांगा.