ताणाचे शारीरिक व्यवस्थापन : स्नायू-शिथिलन आणि दिनचर्या

३.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून रात्री अभ्यासाला बसतात. मान आखडणे, डोके जड होणे, अंथरुणावर पडूनही झोप न लागणे हे अनुभव तुम्हांला अपरिचित नसतील. ताण केवळ मनात नसतो, तो शरीरातही प्रकट होतो. म्हणूनच शरीराच्या मार्गाने तो कसा हलका करता येतो, हे या घटकात पाहू.

३.२ ताण आणि शरीर

संकटाची जाणीव होताच अनुकंपी चेतासंस्था कार्यप्रवण होते. अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो आणि स्नायू ताठ होतात. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या बदलांचे विवेचन केले. ही प्रतिक्रिया ‘लढा किंवा पळा’ या नावाने ओळखली जाते. वाघ समोर आला असता ही सिद्धता उपयोगी पडते. परंतु परीक्षा किंवा कर्जाचा हप्ता यांच्यापुढे लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. शरीर सज्ज होते, पण कृती घडत नाही. ही अवस्था लांबली, की पाठदुखी, डोकेदुखी, निद्रानाश यांसारख्या तक्रारी संभवतात.

३.३ क्रमिक स्नायू-शिथिलन

अमेरिकन वैद्यक एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपले स्नायू ताठरलेले आहेत, याची जाणीवच पुष्कळदा आपल्याला नसते. ताठरता आणि सैलपणा यांतील भेद ओळखता आला, की स्नायू हेतुपुरस्सर सैल सोडता येतात, हे या पद्धतीमागील तत्त्व आहे.

कृती : शांत जागी बसा. उजव्या हाताची मूठ सुमारे पाच सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सैल सोडा आणि वीस सेकंद फरक अनुभवा. याच क्रमाने डावी मूठ, दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या व पोटऱ्या घ्या. दुखणाऱ्या भागावर जोर देऊ नका. जुनी दुखापत किंवा उच्च रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांचा अथवा भौतिकोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्या.

३.४ दिनचर्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. रोज अर्धा तास भरभर चालल्यास हे प्रमाण सहज गाठता येते. झोपेची व उठण्याची वेळ शक्यतो ठरावीक ठेवा. रात्री जागण्यासाठी घेतलेला चहा पुढे झोपही लांबवतो, हे ध्यानात असू द्या.

शिथिलनाने कर्जाचा हप्ता फिटत नाही; मात्र त्यावर विचार करण्याइतकी स्वस्थता लाभते. उदासी वा चिंता टिकून राहिल्यास संकोच न करता तज्ज्ञांची मदत घ्या. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

३.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘लढा किंवा पळा’ ही प्रतिक्रिया आधुनिक जीवनात अपुरी का ठरते?
२. वरील कृती सात दिवस करा. कोणता स्नायुगट सर्वाधिक ताठ आढळला, याची रोज नोंद ठेवा.

३.६ सारांश

ताणाची कारणे नेहमीच आपल्या हाती नसतात. शरीराच्या प्रतिसादाला वळण लावणे मात्र सरावाने साधते.